पेरला गहू, उगवले डॉक्टर

गेल्या भाद्रपदात, पितृपंधरवडा लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, आमच्या घरी एक कागद आला. कोकणातील आमचे वडिलोपार्जित घर, त्याच्या मागची वाडी आणि ओढ्याच्या अंगाची थोडीशी भातजमीन विकून टाकावी असा भावंडांचा विचार ठरला होता. सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्यांपैकी सहा जणांच्या सह्या होऊन चुकल्या होत्या. सातवी जागा आमच्यासाठी मोकळी ठेविली होती. सोबतच्या पत्राची भाषा अतिशय नम्र होती. 'आपण वडील, आपल्या इच्छेबाहेर काहीही व्हावयाचे नाही' असे त्यांत लिहिले होते. मोकळ्या जागेवर पेन्सिलीने केलेली बारीक फुली मात्र आम्हांस तितकीशी नम्र वाटली नाही.

आम्ही तो कागद पत्र्याच्या पेटीत ठेविला आणि आश्विनात दक्षिण अमेरिकेस गेलो. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे असे त्या वेळी आमच्या मनातही नव्हते. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त ब्वेनोस आयरेस येथे असतो आणि 'काका, एकदा याच' असे त्याचे पाच वर्षांचे टुमणे होते, एवढेच. तेथे पोहोचल्यावर त्याने विचारले, "काय बघायचे? इग्वासूचा धबधबा?" आम्ही म्हटले, "धबधबे आंबोलीला पुष्कळ पाहिले. आम्हांला यहुद्यांचे ते शेतकरी गाव पाहावयाचे आहे." पुतण्याने बायकोकडे पाहिले, बायकोने त्याच्याकडे पाहिले. वडील माणसाचा लहरीपणा सुशिक्षित घरात अशा रीतीनेच मान्य केला जातो.

वास्तविक त्यात लहरीपणा नव्हता. यहुदी म्हटले की जगातील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पेढी, हिरे, किंवा फार तर व्हायोलिन उभे राहते. अलिबागेच्या मुलुखात वाढलेल्या आमच्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे मात्र घाणा उभा राहतो. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर इस्राएल आळी होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्या लोकांस 'शनवार तेली' म्हणत. तेल गाळीत आणि आमच्यासारखीच भातशेतीही करीत. त्यांतील एक मास्तर आजोबांचे जिवलग स्नेही. १९६० नंतरच्या दशकात ते कुटुंब इस्रायलला गेले, तेव्हा जाताना घराची किल्ली आजोबांच्या हाती देऊन गेले. पुढे ते घर पावसात बसले, भिंती मातीत मिळाल्या, जागेवर रान माजले. किल्ली मात्र आमच्या माजघरातील खुंटीवर अजून आहे. तेव्हा अर्जेंटिनात यहुद्यांनी वसविलेले आणि नांगरलेले एक आख्खे गाव आहे, हे वाचल्यापासून ते पाहण्याची इच्छा आमच्या मनात घर करून होती.

त्या गावाचे नाव मोइसेस व्हिल. म्हणजे मोशेचे नगर. राजधानीपासून सुमारे ६०० किलोमीटर, सांता फे नावाच्या प्रांतात. वाटेने जमीन इतकी सपाट की कोकणच्या माणसास प्रथम विश्रांती वाटते आणि तासाभराने भीती वाटू लागते. डोळा टेकावयास डोंगर म्हणून नाही. गव्हाची शेते, गाई, आणि मैलोगणती लसूणघास. मधूनच एखादे घर आणि घरापाशी फिकट जांभळ्या फुलोऱ्याने भरलेली झाडे. ती आम्हांस ओळखीची वाटली म्हणून मोटार थांबवून पाहिली, तर आपल्याकडचा बकाणनिंब! तिकडे त्यास 'पाराईसो', म्हणजे स्वर्ग म्हणतात. आपण ज्याचा कडूपणाच लक्षात ठेविला, त्यास इतक्या दूर जाऊन केवढी पदवी मिळाली, असे क्षणभर मनात आले. बाहेरदेशी गेलेल्या पुष्कळांचे असेच होते.

या गावाची जन्मकथा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८८१ पासून रशियात यहुद्यांच्या वस्त्यांवर जमावाचे हल्ले सुरू झाले आणि १८८२ च्या कायद्याने त्यांस खेड्यांत नव्याने राहण्याची व तेथे जमीन घेण्याची बंदी झाली. जमीन नाही, सरकारी नोकरी जवळजवळ नाही; राहता राहिले दुकान आणि पोथी. अशा स्थितीत पोडोलिया प्रांतातील कामेनेत्स-पोडोल्स्क (हे शहर आज युक्रेनमध्ये आहे) व आसपासच्या गावांतील काही कुटुंबांनी शेतकरी व्हावयाचे ठरविले. त्यांच्या प्रतिनिधींनी पॅरिसला जाऊन अर्जेंटिनातील जमिनीचा करार केला, आणि 'वेझर' नावाच्या आगबोटीने आठशेंहून अधिक माणसे १४ ऑगस्ट १८८९ रोजी ब्वेनोस आयरेसच्या बंदरात उतरली. उतरल्यावर कळले की मधल्या काळात जमिनीचे भाव चढले आहेत आणि मालक करार पाळावयास तयार नाही. परत जावयाचे तर कोठे जावयाचे?

शेवटी पेद्रो पालासिओस नावाच्या दुसऱ्या जमीनदाराने सांता फेमधील जमीन देऊ केली. मंडळी आगगाडीने तेथवर गेली. तेथे घरे नव्हती, अवजारे नव्हती, अन्नही नव्हते. नव्या लोहमार्गाच्या कडेला, डब्यांत आणि एका मोठ्या पडवीत त्यांनी आठवड्यांमागून आठवडे काढले. साथ आली आणि साठांहून अधिक मुले दगावली. लहानग्यांस पुरावयास पेट्या मिळेनात म्हणून घासलेटचे डबे वापरले, असे तेथे आजही सांगतात. हे ऐकताना आमच्या सूनबाई भाषांतर करीत होत्या. त्या येथे थांबल्या आणि पुढचे वाक्य त्यांनी बऱ्याच वेळाने सांगितले.

पुष्कळ कुटुंबे पांगली. जी चिकटून राहिली त्यांचे पुढारीपण आरोन गोल्डमन या धर्मगुरूकडे होते. मिसरातून निघालेल्या आपल्या पूर्वजांचे स्मरण करून त्याने वस्तीस मोशेचे नाव दिले. तेथे अरण्यात चाळीस वर्षे हिंडावे लागले होते. येथे निदान जमीन पायाखाली होती. २३ ऑक्टोबर १८८९ हा गावाचा जन्मदिवस मानतात.

याच सुमारास विल्हेल्म लोवेन्थाल नावाचा एक डॉक्टर त्या मार्गाने प्रवास करीत असता त्याने लोहमार्गाच्या कडेची ती उपाशी मुले पाहिली. त्याने पॅरिसला अहवाल धाडला आणि तो बॅरन मॉरिस द हिर्श यांच्या हाती गेला. हा हिर्श बाल्कन प्रदेशातून कॉन्स्टँटिनोपलपर्यंतचा लोहमार्ग बांधणारा धनाढ्य. १८८७ साली त्याचा एकुलता एक मुलगा लुसियाँ वारला होता. भीक घालून माणसे सुधारत नाहीत, त्यांना जमीन व कर्जाऊ भांडवल द्यावे, ते त्यांनी फेडावे, असे त्याचे मत होते. त्याने १८९१ मध्ये लंडन येथे वीस लाख पौंडांच्या भांडवलावर 'ज्यूइश कॉलनायझेशन असोसिएशन' स्थापन केली. पंचवीस वर्षांत रशियातील बत्तीस लाख यहुदी हलवावयाचे, हा त्याचा संकल्प होता. १८९६ साली तो वारला तेव्हा अर्जेंटिनात त्याच्या वसाहतींत जेमतेम काही हजार माणसे होती. आपल्या वसाहती पाहावयास तो कधीच गेला नाही. एका वसाहतीस मात्र त्याच्या मुलाचे नाव आहे, एकीस पत्नीचे. संस्थेकडे पुढे सहा लाख हेक्टरांहून अधिक जमीन झाली. आमच्या कोकणात दोन गुंठ्यांच्या बांधावरून भाऊ भावाचे तोंड पाहत नाही; तेथे एकेका कुटुंबास साधारण ७५ ते १५० हेक्टर मिळत. हा आकडा आम्ही पुतण्याकडून दोनदा वदवून घेतला.

परंतु या लोकांस नांगर धरावयास कोणी शिकविले? तो धडा अर्थात कागदावर नव्हता. तो त्यांस तेथल्या घोडेस्वार गुराख्यांनी, ज्यांस गाउचो म्हणतात त्यांनी दिला. घोड्यावर मांड कशी टाकावी, बैल कसा जुंपावा, नळीने माते नावाचा कडू काढा कसा प्यावा, हे सारे त्यांच्याकडून आले. टोळधाड आली की सर्व कुटुंब डबे वाजवीत शेतात धावे. उत्तर गोलार्धात वसंतात येणारा वल्हांडणाचा सण येथे ऐन शरदात येऊ लागला. ज्यांची चातुर्मासाची सांगड पावसाशी घातलेली आहे अशा वाचकांस त्यातील चमत्कारिकपणा आम्ही समजावून सांगावयास नको. पहिली वर्षे गव्हाने दगा दिला. पुढे लसूणघास आणि गुरे यांनी गावाचे पाय स्थिर केले.

या सोयरिकीस दुसरी बाजूही होती. १८८९ ते १९०६ या काळात गावात व आसपास यहुदी वसाहतवाल्यांचे बावीस खून झाले. त्यांची यादी मिख्ल हाकोहेन सिनाय या लेखकाने १९४७ साली यिड्डिशमध्ये प्रसिद्ध केली, आणि त्याचा पणतू हाविएर सिनाय याने २०१३ मध्ये त्यावर सबंध ग्रंथ लिहिला. पणजोबाने लिहिलेले पणतू तपासून पाहतो आणि कोठे कोठे चुकीचेही ठरवितो, हे आम्हांस फार आवडले. अल्बेर्तो गेर्चुनॉफ हा मुलगा याच गावात असताना १८९१ मध्ये त्याच्या पित्यास एका गाउचोने ठार मारले. कुटुंब दुसऱ्या प्रांतात गेले. मुलगा मोठा झाला, ब्वेनोस आयरेसला जाऊन नामांकित पत्रकार झाला, आणि १९१० साली त्याने या वसाहतींवर जे पुस्तक लिहिले त्याचे नाव 'यहुदी गाउचो'. ज्या जातीच्या माणसाने बाप मारला तिचेच नाव त्याने आपल्या माणसांस भूषण म्हणून दिले. मात्र त्यानेही ते शहरात बसून लिहिले, हे ध्यानात ठेवावे.

गावातील घरांची ठेवण पाहण्यासारखी आहे. अर्जेंटिनातील इतर शेतकरी आपापल्या शेताच्या मध्यभागी एकटे राहत. येथे कित्येक ठिकाणी शेतांचे लांब पट्टे पाडून सर्वांची टोके एका जागी आणली आणि त्या टोकांवर घरे बांधली. त्यामुळे 'चार घरे', 'बारा घरे', 'चोवीस घरे' अशीच वाड्यांची नावे पडली. यात भीतीपासून संरक्षण होते, तसे धर्माचे कारणही होते. त्यांच्यात सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात, नऊ चालत नाहीत. आणि शनिवारी गाडीघोडा जोडावयाचा नाही, तेव्हा ते दहा जण पायी येण्याच्या अंतरावर असले पाहिजेत. शेत कितीही मोठे असले तरी शेजार सोडून चालणार नाही, ही जाणीव त्या आखणीत आहे.

आणि विद्या. शाळा निघाल्या तेव्हा स्पॅनिश येणारे यहुदी शिक्षक हवे होते; ते मोरोक्कोहून आणले. वाचनालय निघाले, सहकारी संस्था निघाली, १९२९ मध्ये 'कादिमा' नावाचे नाट्यगृह झाले. खेड्यात! आम्ही ते पाहिले. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी शोभावे असे आहे. यिड्डिश नाटकांचे फिरते संच तेथे येत. १९४३ मध्ये हिब्रू शिक्षक तयार करणारे विद्यालय निघाले, त्यात देशभरची मुले शिकावयास येत. भरभराटीच्या काळात गावात काही हजार वस्ती होती आणि तीत बहुसंख्य यहुदी. २०१० च्या शिरगणतीत अडीच हजारांच्या आतच माणसे भरली, आणि यहुदी त्यांतील थोडी.

आम्ही पोहोचलो ती दुपारची वेळ होती. तिकडे दुपारी दुकाने बंद करून सर्व गाव निजते, हा रिवाज आम्हांस सर्वथा पसंत पडला. चौकातील बाकावर आम्ही सावलीस बसलो. चार वाजता ज्यांच्याकडे प्रार्थनामंदिराची किल्ली असते त्या आजीबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, आणि ॲप्रनच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी दार उघडले. आत लाकडी बाके, वर बायकांसाठी सज्जा, कोपऱ्यात एक बादली. बादली कशासाठी ते वर पाहिल्यावर कळले.

सूनबाई मध्ये बसून भाषांतर करू लागल्या. आजीबाईंस तीन मुले. थोरला रोसारियोला डॉक्टर, दुसरा राजधानीत वकील, मुलगी इस्रायलात. जमीन शेजारच्या इटालियन वंशाच्या शेतकऱ्यास खंडाने दिली होती, पुढे विकली. "आम्ही गहू पेरला, डॉक्टर उगवले," त्या म्हणाल्या आणि हसल्या. ही म्हण त्या मुलखात सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्यांनी ती अशा रीतीने म्हटली, जणू त्यांच्याच शेतात प्रथम पीक आले.

आम्ही येथे थोडे ज्ञान प्रकट केले. म्हटले, वसाहत संस्थेचाही यात दोष असावा. कराराची मुदत वीस वीस वर्षांची, कर्ज एकदम फेडून जमीन नावावर करून देण्यास ती नाखूष. आणि मुलगा वयात आला, लग्न झाले, तर बापाच्या शेजारी त्यास जमीन देण्याऐवजी दूरच्या नव्या वसाहतीकडे बोट दाखवी. मग मुले जाणारच. आजीबाईंनी सर्व ऐकून घेतले. "माझे सासरे रात्रंदिवस हेच बोलत," त्या म्हणाल्या, "आणि खरेच बोलत. पण माझ्या मुलांना जमीन हवी होती कोठे? आमच्या शेजाऱ्यांच्या मुलांनी तीच जमीन धरून ठेवली. आमच्या घरात पुस्तक खाली पडले तर उचलून त्याचे चुंबन घेत. नांगराचे घेतलेले मी पाहिले नाही."

पुस्तकास पाय लागला तर आपणही डोक्यास लावतो, हे आम्ही सूनबाईंस सांगावयास सांगितले. आजीबाईंनी मान डोलावली; त्यांस त्यात काही नवल वाटले नाही.

मग आम्ही जो प्रश्न विचारला तो विचारावयाचा असे ठरवून आलो नव्हतो. "मुलांचा राग नाही येत?"

"कोणाचा? शाळेत हात धरून मीच नेले. बस राजधानीकडे निघाली तेव्हा डबाही मीच बांधून दिला."

थोड्या वेळाने त्यांनी उलट विचारले, "तुमच्या गावी आता कोण असते?"

"एक गडी आहे," आम्ही म्हटले.

"अस्से. येथे सगळ्यांचा गडी मी."

त्या हसल्या, आम्हीही हसलो. परंतु त्यांचे बोलणे संपले नव्हते. राग येतच नाही असे नाही, त्या म्हणाल्या. येतो तो जाणाऱ्यांचा नव्हे. दरवर्षी कोणी ना कोणी येतात. आजोबांचे बाक शोधतात, त्याच्याजवळ उभे राहून छायाचित्र काढतात, रडतात, मला मिठी मारतात, गावचे श्ट्रुडेल बांधून घेतात आणि संध्याकाळच्या आत निघतात. 'हे कधी मोडू देऊ नका,' असे मला बजावून जातात. "रडण्याने छप्पर गळावयाचे थांबत नाही," आजीबाई म्हणाल्या आणि काठीने बादली थोडी डावीकडे सरकविली.

आम्ही गप्प बसलो. आमच्या मनात त्या वेळी काय आले ते लिहिण्यास संकोच वाटतो, पण ज्या घरांत हे मासिक जाते त्यांपैकी पुष्कळांच्या पेट्यांत असा एखादा कागद असेल, म्हणून लिहितो. पुतणे, भाचे, धाकटे भाऊ यांनी घर विकावयास काढले म्हणून भाद्रपदापासून आम्ही मनातून रुष्ट होतो. त्यांस मातीची ओढ नाही, असे आम्ही दोघातिघांस बोलूनही दाखविले होते. वस्तुतः त्या घरातून पहिली ट्रंक बाहेर पडली ती आमची. वयाच्या सोळाव्या वर्षी आम्ही पुण्यास शिकावयास निघालो, आणि त्या सालच्या फीसाठी आजोबांनी बैलजोडी विकली. पुढच्या वर्षी भातजमीन अर्धेलीने लावून दिली, ती कायमची. पुढे आम्ही काय केले? दर मे महिन्यात गेलो, आंबे खाल्ले, ओटीवर बसून डोळ्यांत पाणी आणले, गड्यास 'नीट लक्ष ठेव' म्हणून बजावले आणि परत आलो. शाकारणीचे पैसे गेली कित्येक वर्षे तोच धाकटा भाऊ देत आहे, ज्याने कागदावर पहिली सही केली.

संध्याकाळी आजीबाई आम्हांस दफनभूमीवर घेऊन गेल्या. त्या देशातील यहुद्यांची ही सर्वांत जुनी दफनभूमी. फुले वाहण्याची चाल त्यांच्यात नाही. थडग्यावर लहानसा दगड ठेवतात. अगदी जुन्या भागात ओळीने लहान लहान थडगी आहेत, कित्येकांवर अक्षरेही राहिली नाहीत. तेथेही कोणी दगड ठेविलेले होते. कोण ठेवते, असे विचारावयाची गरज नव्हती, कारण आजीबाईंच्या ॲप्रनच्या दुसऱ्या खिशात खडे होते. त्यांतला एक त्यांनी आमच्या हातावर ठेविला आणि आम्ही तो ठेविला. बाहेर पडताना नळावर हात धुवावयाचे असतात. आम्ही धुतले, आमच्या घरीही याहून निराळे काही केले नसते.

निघताना आम्ही आजीबाईंस इस्राएल आळीतील त्या किल्लीची हकीकत सांगितली. घर राहिले नाही, किल्ली मात्र खुंटीवर आहे, हे ऐकून त्यांनी सूनबाईंस दोनदा विचारले, नीट ऐकले ना म्हणून. मग म्हणाल्या, "तेल लावता का तिला?" आम्ही कबूल केले की लावीत नाही. "लावा," त्या म्हणाल्या. "गंजलेली किल्ली परत देताना लाज वाटते."

परत येऊन आता चार महिने झाले. धाकट्या भावास आम्ही पत्र लिहिले. त्यात बैलजोडीची गोष्ट लिहिली, जी त्यास ठाऊक नव्हती, कारण त्या वेळी तो पाळण्यात होता. त्याचे उत्तर आले की होळीस सर्वांनी गावी जमावे, मग काय ते बोलू. आणि किल्ली कोणाकडे राहावयाची तेही ठरवू. कागद पेटीतच आहे. फुलीवर आम्ही सही केलेली नाही आणि ती खोडलेलीही नाही. यंदाच्या शाकारणीचे पैसे मात्र गड्याच्या नावे पाठविले आहेत, आणि त्यास निराळे लिहिले आहे की माजघरातील खुंटीवरची किल्ली उतरवून तिला खोबरेल लावून ठेवावे.